झाडानं सोडलेली फुलं

गंगावेशीतून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याला, घाट जवळ आल्याचं नाकाला कळायला लागतं त्या वळणावर, शालूबाईचं फुलांचं दुकान आहे. दुकान कसलं, चार पत्रे, एक फळी आणि पाण्याचं एक पिंप. पाटी नाही आणि ती कुणाला लागतही नाही. कोल्हापुरात अंबाबाईला हार घ्यायचा तर माणूस महाद्वार रोडला जातो, लग्नाचा घ्यायचा तर मार्केटात चार दुकानं फिरतो. शालूबाईकडे तो एकाच कामाला येतो, आणि त्या कामाला आलेल्या माणसाला पाटी वाचायची शुद्ध नसते.

एकतीस वर्षं झाली. नवरा होता तोवर तो फुलं आणायचा आणि ही ओवायची. तो गेल्यावर दोन्ही कामं हिच्याकडे आली. आता साठीला टेकली आहे, गुडघे कुरकुरतात, जिभेला मात्र काही झालेलं नाही. रडत आलेल्या माणसालाही ती आधी विचारते, "कोण गेलं? किती वाजता उचलणार?" आणि मग तिसरा प्रश्न, "घरात काय चालतं, काय चालत न्हाय?" नवख्याला या प्रश्नाचा राग येतो. पण तिचा सगळा धंदा त्यावर उभा आहे. कुणाकडे झेंडूचा मनगटाएवढा जाड हार लागतो, कुणाकडे फुलांची चादर, कुणाकडे गोल पुष्पचक्र. लिंगायतांच्या घरी बेलाची पानं राहिली तर म्हातारी माणसं तोंडावर बोलतात. जैनांच्यात एका घरात हार चालतो आणि भिंतीला भिंत असलेल्या दुसऱ्या घरात चालत नाही, म्हणून तिथं दोनदा विचारायचं. हे सगळं तिला पाठ आहे आणि पाठ असल्याचा तिला गर्वही आहे. म्हणजे होता, असं म्हणू.

आणखी एक गोष्ट ती पाळते. दुकानातून निघालेल्या माणसाला ती कधी 'या' म्हणत नाही. तिच्याकडे परत यायचं म्हणजे घरातलं आणखी एक माणूस जायचं. सासूनं पहिल्या दिवशीच हे बजावलं होतं. शालूबाईनं तो शब्द असा टाकला, की पुढे पुढे घरीदेखील तो तिच्या तोंडी यायचा बंद झाला. लेक स्वप्नाली कुरुंदवाडला दिली आहे. माहेरपण संपवून निघाली की उंबऱ्यात घोटाळते, म्हणते, "आई, एकदा तरी ये म्हण की." शालूबाई म्हणते, "जा, एस्टी चुकंल." लेक हसते, पण एस्टीत बसल्यावर तिचा चेहरा उतरतो हे आईला खिडकीतून दिसतं. तरी जीभ वळत नाही.

वैशाखातली सकाळ होती, आठचा सुमार. शालूबाई निशिगंधाच्या काड्या निवडत बसली होती, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे पुण्याच्या कुठल्याशा कंपनीतली मुलगी. नाव सांगितलं प्रियदर्शनी. परदेशातली माणसं या कंपनीच्या वेबसाइटवरून फुलं मागवतात आणि कंपनी त्या त्या गावच्या फुलवाल्याकडून ती पोचवते. शालूबाईकडे वर्षाकाठी अशा तीन-चार ऑर्डरी यायच्या.

"मॅडम, कोल्हापुरातल्या फ्युनरल होमचा पत्ता हवा होता," प्रियदर्शनी म्हणाली. "कस्टमरनं तो रिकामा ठेवलाय आणि त्याशिवाय ऑर्डर पुढं सरकत नाही."

"कसलं होम?"

"जिथं बॉडी ठेवतात ना मॅडम, नातेवाईक भेटायला येतात, ते."

"आमच्यात माणूस गेलं की त्याच्या घरातच ठेवत्यात बाई. मग सगळी मिळून घाटावर नेत्यात. मधी दुसरं घर न्हाय."

"मॅडम, पण मग इथं काय टाकू?"

"माझं दुकान टाका. कोण बी असू दे, हितनंच जातंय."

पोरीनं ते खरंच टाकलं. वर आणखी दहा मिनिटं लिली हवीत, पांढरी हवीत, रिबन कुठल्या रंगाची, फोटो कधी पाठवणार, असं तिचं चालूच राहिलं. वैशाखात, कोल्हापुरात, सकाळी आठ वाजता लिली. शालूबाईचं डोकं सणकलं. ती म्हणाली, "ज्याची फुलं हायत त्याचा नंबर द्या. त्याच्याशी बोलल्याबिगर मी दोऱ्याला गाठ मारत न्हाय." नंबर द्यायचा नियम नव्हता. मग पाच मिनिटांनी त्या माणसाचाच फोन आला.

फोनमागे कसलीशी घरघर चालली होती.

"काय वो पावणं, गिरणीत हाय का काय?"

"कारखान्यात हाय मावशी. जेवणाची सुट्टी झालीया. मेलबर्नला असतोय, ऑस्ट्रेलियात." भाषा कोल्हापूरचीच होती, थोडी गंजलेली. "उदयसिंह माझं नाव. माझं काका गेलं. सख्खं न्हवं. नेमिनाथकाका मगदूम, शुक्रवार पेठ. उद्यमनगरात त्यांचं लेथचं वर्कशॉप. मला हातात पाना धरायला त्यांनी शिकवलं. आठवीत शाळा सोडलेलं पोरगं मी, आज हितं चाळीस माणसं माझ्या हाताखाली हायत, ती त्यांच्यामुळं."

"मग यायचं की."

"आजच हाय मावशी. यायला दोन दिस लागत्यात. आणि आलो आसतो तरी दारात कुठल्या तोंडानं उभारणार? सहा वर्षांमागं मी न सांगता आलोय. खंडेनवमीला मशिनींची पूजा केली, पाया पडलो, आणि दुसऱ्या दिवशी इमानात बसलो. काका शेड माझ्या हातात द्यायच्या इचारात होते. त्यांच्या तोंडावर न्हाय म्हणायचं धाडस झालं न्हाय. मी गेल्यावर सत्तरीत ते पुन्हा लेथवर उभारले. त्यांचा ल्योक जिनेश, माझ्या बरोबरीचा. त्यानं तवापासून माझा फोन उचलल्याला न्हाय. काकांना तर करायची छातीच झाली न्हाय."

शालूबाईला असल्या गोष्टी नव्या नव्हत्या. मेलेल्या माणसाला फुलं घालायला येणाऱ्यातले निम्मे लोक माफी मागायला येतात, हे ती कधीच शिकली होती.

"हितल्या माणसांनी सांगितलं, अशा येळी फुलं धाडत्यात. म्हणून धाडतोय. एवढंच बघा मावशी, काका घराबाहेर पडायच्या आत पोचू द्या. दुसरं माझं कायबी त्यांच्यापतूर पोचलं न्हाय." मग त्यानं चिठ्ठीवर काय लिहायचं ते सांगितलं. दोनच शब्द आणि नाव. *काका, चुकलो. उदय.*

"पोचत्यात," शालूबाई म्हणाली. "माझ्याकडनं आजवर उशीर झाल्याला न्हाय."

हे ती फुशारकीनं म्हणाली नव्हती. उशिरा पोचलेली फुलं म्हणजे काय हे तिनं स्वतः पाहिलं होतं. वीस वर्षांपूर्वी नेसरीला तिची आई गेली. निरोप आला तेव्हा ती याच फळीमागे दुसऱ्या कुणाचा तरी हार ओवत होती. तो पुरा करून दिला आणि मग फुलांची पाटी मांडीवर घेऊन एस्टीत बसली. गडहिंग्लजपर्यंत आणि तिथून पुढे सगळ्या वाटेला ती आईसाठी हार ओवत होती. अबोलीचा, आईला आवडायचा तसा. नेसरीला उतरली तेव्हा माणसं ओल्या धोतरांनी परत येत होती. भाऊ म्हणाला, "लै वाट बघितली आक्का." तो हार कुठे ठेवायचा हे कुणालाच कळेना. शेवटी तिनंच तो भिंतीवरच्या खुंटीला अडकवला आणि दहाव्यापर्यंत तो तिथंच वाळत राहिला. हजार माणसांना तिनं फुलं घातली, आईला तेवढी राहिली. हे तिनं कुणाला सांगितलेलं नाही, पण 'उशीर झाला तर चालंल' असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकावर ती का खेकसते त्याचं कारण हे आहे.

साडेनऊला चक्र तयार झालं. निशिगंध आणि पांढरी शेवंती, मधून मधून हिरवं पान. चिठ्ठी तिनं आपल्या गोल, शाळकरी अक्षरात लिहिली. वळणावर रिक्षा लावून बसणाऱ्या बाळासोला हाक मारली, चक्र मागच्या सीटवर उभं केलं आणि ती शुक्रवार पेठेत गेली. बोळाच्या तोंडाशी माणसं उभी होती, दाराशी चपला, आतून णमोकार मंत्राचा एका लयीतला आवाज. चक्र दोन्ही हातांत धरून ती पायरीपर्यंत गेली.

तिथं तिला एका बाईनं अडवलं. ही जिनेशची बायको, रुचिता. डोळे सुजलेले, पण बोलणं अगदी सांभाळून.

"मावशी, राग मानू नका. फुलं आत नको. मामंजींचा नियम होता. अकरा वर्षं झाली, तोडलेलं फूल त्यांनी घरात येऊ दिलं नाही. झाडावरचं फूल जिवंत असतं, ते आपल्यासाठी मारायचं नाही, असं म्हणायचे. आज तरी त्यांचा नियम आम्ही मोडू नये."

शालूबाईला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. तिसरा प्रश्न. एकतीस वर्षांत एकदाही न चुकलेला तिसरा प्रश्न तिनं आज विचारलाच नव्हता. लिली आणि रिबनीच्या कटकटीत राहून गेला, वर माणूस जैन, पत्ता शुक्रवार पेठ, म्हणजे दोनदा विचारायला हवं होतं. आपल्याला सगळं पाठ आहे म्हणणाऱ्या बाईनं भर दारात, वीस माणसांसमोर, गेलेल्या माणसाचा नियम मोडायला आणलं होतं चक्र.

"माझं चुकलं बाई," ती म्हणाली. हे वाक्यही तिच्या तोंडी फारसं येत नाही. "किती वाजता निघणार?"

"अकराला."

दहाला दहा कमी होते. चक्र घेऊन ती दुकानात परतली, ते फळीवर आडवं ठेवलं आणि मेलबर्नला फोन लावला. काय झालं ते न लपवता सांगितलं.

पलीकडे मशिनची घरघर चालूच होती.

"मला ठावं होतं की वो मावशी," उदयसिंह म्हणाला. "त्यांनी नियम घेतला तवा मी तिथंच होतो. माझ्या देखत घेतला. आणि मी इसरलो. हितली माणसं फुलं म्हणाली आणि मी फुलं धाडली. सहा वर्षांत एवढं इसरलो मी?" मोठा बाप्या माणूस, पण आवाज फाटला. "ऱ्हाऊ द्या मावशी. माझ्या हातनं त्यांना काय पोचायचंच न्हाय, असं दिसतंय."

इथं कुणीही म्हणालं असतं, असो, देवाची इच्छा. शालूबाईनं ते म्हटलं नाही. एक तर चूक निम्मी तिची होती, आणि दुसरं, नेसरीची ती खुंटी तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"रडू नगा. मला एक सांगा. खंडेनवमीला समदं उद्यमनगर मशिनींना झेंडू घालतंय. तुमच्यात काय घालत हुता, नियम घेतल्यावर?"

"बकुळ," तो पटकन म्हणाला, आणि मग जणू स्वतःशीच बोलायला लागला. "शेडच्या दारात बकुळीचं झाड हाय. पहाटे खाली सडा पडतोय. काका सकाळी लवकर येऊन स्वतः वेचायचे. म्हणायचे, हे झाडानं सोडल्यालं हाय, ह्याला चालतंय. बकुळीच्या फुलाला मधी जात्याच भोक असतंय मावशी, सुई लागत न्हाय. दोरा ओवायचे आणि एकेका लेथला माळ घालायचे. तेलाच्या वासात बकुळीचा वास."

"ती शेड अजून हाय?"

"जिनेशनं कारखाना कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नेला म्हणं. जुनी शेड बंद हाय. झाड हाय का तोडलं, देव जाणं."

शालूबाईनं फोन ठेवला. केळीच्या सालीचा दोरा ओला करून कमरेला खोवला, चिठ्ठी पोलक्यात ठेवली आणि बाळासोच्या रिक्षात बसली.

"कुठं मावशी?"

"उद्यमनगर. आणि आज तुझ्या रिक्षाला चाकं हायत हे मला दिसू दे."

झाड होतं. शेडच्या दाराला कुलूप, भिंतीवरची अक्षरं उडालेली, आणि वर गच्च हिरवी बकुळ. पण खाली सडा नव्हता. झाडूवाला सकाळीच येऊन गेला होता. फुलं, धूळ, चहाचे कागदी कप, लोखंडाचा कीस, सगळ्याचा एक ढीग त्यानं गटाराच्या कडेला लावून ठेवला होता. नंतर जी पडली ती टेम्पोच्या चाकाखाली चिरडली होती. बाळासो म्हणाला, "फांदी हलवू का? ढिगानं पडत्याल."

"हलवलं म्हंजे तोडलंच की. हात लावायचा न्हाय झाडाला."

आणि ती त्या ढिगाशी बसली. गुडघ्यांनी कुरकुर केली, तिनं ऐकलं नाही. कीस बाजूला करत, फुंकर मारत, ती एकेक फूल वेचायला लागली. चिरडलेलं नको, ओलं नको. एकतीस वर्षांत तिनं फुलं टोपलीनं विकत घेतली होती, अशी रस्त्यावरून कधी उचलली नव्हती. समोरच्या वर्कशॉपमधला एक म्हातारा कारागीर बाहेर येऊन बघत उभा राहिला. "काय हरवलं काय बाई?"

"नेमिनाथकाकांसाठी वेचायलोय," बाळासोनं सांगितलं.

म्हाताऱ्यानं हात फडक्याला पुसले आणि तोही खाली बसला. त्याला बातमी माहीत होती. तिघांनी मिळून वेचली तरी ओंजळभरच निघाली. बाळासोनं रिक्षा काढली आणि शालूबाई मागे बसून ओवायला लागली. खड्ड्याखड्ड्याला फुलं मांडीवरून उडत होती. दोऱ्याचं टोक ती दातानं टोकदार करायची, फुलाच्या मधल्या भोकातून सरकवायची. दाभोळकर कॉर्नरला रिक्षा अडकली, पुढे महापालिकेपाशी पुन्हा अडकली. अकरा वाजून गेले. मांडीवर फुलं, हातात दोरा, आणि गाडी पुढे सरकत नाही. हे सगळं तिच्या ओळखीचं होतं. तिचा जीव थोडा थोडा होऊ लागला.

शुक्रवार पेठेच्या बोळात वळले तेव्हा दारातली माणसं नव्हती. चपला नव्हत्या. दोन बायका बादल्यांनी पायऱ्या धूत होत्या आणि पाणी बोळातून वाहत रिक्षाच्या चाकापर्यंत आलं होतं. रुचितानं मान वर करून पाहिलं आणि नुसता हात हलवला, गेले.

शालूबाई त्या पाण्याकडे बघत राहिली. नेसरीला माणसं ओल्या धोतरांनी परत येत होती. इथं पायऱ्या ओल्या होत्या, एवढाच काय तो फरक. मांडीवर हातभर माळ, वीतभर ओवायची राहिलेली. तिला मोठ्यानं रडावंसं वाटलं आणि बाळासो नसता तर ती रडलीही असती.

"मावशी," बाळासो म्हणाला, "चालत नेल्यात. तुमच्या दुकानावरनंच जात्याल न्हवं?"

सकाळी त्या पोरीला आपणच काय सांगितलं होतं ते तिला आठवलं. "मागनं घे," ती म्हणाली, "मागच्या गल्लीनं. पळव."

शेवटची फुलं तिनं दुकानासमोर रिक्षा थांबता थांबता ओवली. गाठ मारली. आणि वळणावरून माणसं येताना दिसली. पुढे जिनेश, पांढऱ्या सदऱ्यात, मागे तिरडी, णमोकाराचा आवाज.

एकतीस वर्षं या रस्त्यानं गेलेल्या प्रत्येकाला शालूबाईनं फळीमागून हात जोडले होते. फळी ओलांडून रस्त्यावर ती कधी आली नव्हती. बाईमाणसानं जाणाऱ्याची वाट अडवायची नसते, हेही सासूनंच सांगितलेलं. ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

जिनेश थांबला. मागचे थांबले. तिच्या हातात फुलं पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली. "मघाशी सांगितलं होतं न्हवं तुम्हाला?"

"सांगितलं हुतं. ही तोडल्याली न्हाईत. तुमच्या जुन्या शेडच्या दारातली हायत, झाडानं सोडल्याली. सुई सुद्धा लावल्याली न्हाय."

जिनेशनं माळेकडे पाहिलं. बकुळीची फुलं तासाभरातच तांबूस पडतात, तशी ती पडली होती, आणि एका फुलाला लोखंडाचा बारीक कीस चिकटलेला तसाच राहिला होता.

"बकुळीचं कुणी सांगितलं तुम्हाला?"

शालूबाईनं पोलक्यातून चिठ्ठी काढून पुढे धरली. त्यानं वाचली. दोन शब्द वाचायला किती वेळ लागतो? त्याला फार वेळ लागला. मागून कुणीतरी वडीलधारं म्हणालं, "चला, ऊन तापलंय." जिनेश हलला नाही. शालूबाईला वाटलं, आता हा चिठ्ठी चुरगाळून गटारात टाकणार आणि माळही टाकणार, आणि टाकली तरी त्याला बोलायला आपल्याला तोंड नाही.

त्यानं माळ दोन्ही हातांनी घेतली. खांदेकऱ्यांना तिरडी खाली घ्यायला लावली. वडिलांचा उजवा हात, लेथच्या हॅन्डलनं घट्टे पडलेला हात, छातीवर होता. त्या हातावर त्यानं माळ ठेवली आणि अंगठ्यानं तो कीस पुसून काढला. चिठ्ठी मात्र त्यानं तिथं ठेवली नाही. तिची घडी घातली आणि आपल्या खिशात ठेवली.

मग माणसं पुढे गेली. शालूबाई रस्त्याच्या कडेला होऊन, दिसेनाशी होईपर्यंत हात जोडून उभी राहिली.

फळीवरचं पांढरं चक्र तसंच होतं. ते दुसऱ्याला विकणं तिच्या धर्मात बसत नव्हतं. घाटावर काम करणारा महापालिकेचा माणूस चहाला आला तेव्हा तिनं ते त्याच्याकडे दिलं. "आज जे बेवारस येईल त्याला घाला," ती म्हणाली. "ज्याला कुणी न्हाय त्याला."

मग तिनं फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"पोचली," ती म्हणाली. "बकुळ पोचली. काकांच्या उजव्या हातावर हाय."

"कुणी ठेवली?"

"जिनेशनं. आपल्या हातानं."

पलीकडे घरघर थांबली होती. बहुतेक तो मशिनपासून दूर, कुठेतरी बाहेर येऊन उभा होता. "काय म्हटला का तो?"

"काय न्हाय म्हटला."

"आणि चिठ्ठी? फाडली?"

"न्हाय. खिशात घातली त्यानं. सोताच्या."

उदयसिंह रडला. चांगला मोकळा होऊन रडला. शालूबाईनं फोन कानाला धरून ठेवला आणि दुसऱ्या हातानं फळीवर सांडलेल्या शेवंतीच्या पाकळ्या गोळा केल्या. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "मावशी, खंडेनवमीला मी येतो. जिनेशच्या दारात जातो. शेडपुढची बकुळ सोता वेचतो. आणि तुमच्याकडं बी येतो, चालंल का? तुमच्या दुकानात?"

शालूबाईच्या तोंडाशी नेहमीचंच आलं होतं. माझ्या दुकानात कशाला येता, हितं काय चांगल्या कामाला कोण येत न्हाय. शब्द जिभेवर होता. त्या नकाराला तिनं एकतीस वर्षं पोसलं होतं.

मांडीवर, नऊवारीच्या घडीत अडकलेली बकुळीची तीन फुलं तिला दिसली. गेलेल्या माणसाच्या फुलाचा वास घ्यायचा नसतो, तरी तो येतच होता.

"या की," ती म्हणाली.

मग फोन ठेवून तिनं कुरुंदवाडला लेकीचा नंबर लावला.